मोटारीच्या कारखान्याचें दार

गेल्या ज्येष्ठांतील गोष्ट. पाऊस दोन दिवस लागून राहिला होता आणि दिग्रसच्या बाजारपेठेंत बियाण्याच्या पिशव्यांखेरीज दुसरा विषय नव्हता. अशा एका सायंकाळीं माझा एक जुना विद्यार्थी ओल्या अंगानेंच घरीं आला. स्वतः भिजला होता; पण प्रमाणपत्रांची फाईल त्यानें प्लास्टिकच्या पिशवींत गुंडाळून छातीशीं कोरडी ठेवली होती. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतून त्यानें फिटरचा अभ्यासक्रम पुरा केला होता व पुण्याकडील एका मोठ्या मोटार-कारखान्याकडून त्याला मुलाखतीचें बोलावणें आलें होतें. रात्रीच्या गाडीनें निघून सकाळीं पोंचावयाचें. बसतां बसतां त्यानें विचारलें, "सर, काय काय इचारतीन जी तिथं?"

मी आयुष्यभर इतिहास शिकविला. मुलाखतीस जन्मांत एकदांच बसलों, आणि तीहि शाळेच्या चिटणीसांच्या ओसरीवर, चहा पीत. तेव्हां त्याच्या प्रश्नास उत्तर देण्याचा अधिकार मला नव्हता. परंतु तो गेल्यावर मनांत येत राहिलें कीं, ज्या दारापुढें हा पोरगा उद्यां सकाळीं उभा राहणार त्या दाराचा कांहीं इतिहास असेलच. आंत कोणास घेतलें, कोणास परत लावलें, काय विचारलें, काय विचारलें नाहीं, हें पाहूं गेल्यास मोटारीच्या धंद्याची एक वेगळीच बखर हातीं लागते. मोटारींचा इतिहास लिहिणारे बहुधा मोटारीविषयींच लिहितात. दाराबाहेरच्या रांगेकडे त्यांचें लक्ष क्वचितच जातें.

या रांगेचा पहिला प्रसिद्ध प्रसंग आपल्या देशांतला नव्हे. १९१३ सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं हेन्री फोर्डनें आपल्या हायलंड पार्क येथील कारखान्यांत सरकती जुळणी-रांग सुरू केली. मोटारीचा सांगाडा जुळविण्यास जेथें साडेबारा तास लागत, तेथें तें काम दीड तासावर आलें. पण माणसाला तें मानवेना. एकच बोल्ट दिवसभर आवळीत राहण्याचा कंटाळा येऊन लोक इतक्या वेगानें काम सोडूं लागले कीं, त्या एका वर्षांत सुमारें १४,००० कामगारांचा ताफा कायम राखण्यासाठीं ५२,००० वर माणसें भरावीं लागलीं. तेव्हां ५ जानेवारी १९१४ रोजीं फोर्डनें दिवसाला ५ डॉलर देण्याची घोषणा केली. ही रक्कम तेव्हांच्या मजुरीच्या दुपटीहून अधिक होती. दुसऱ्या दिवसापासून कडाक्याच्या थंडींत हजारों माणसें दारापुढें जमूं लागलीं. नोकऱ्या संपल्या असें सांगूनहि गर्दी हटेना, तेव्हां त्या बर्फासारख्या हवेंत लोकांवर पाण्याचे फवारे सोडण्यांत आले. ज्यांना आंत घेतलें त्यांचीहि परीक्षा दारांत संपली नाहीं. कंपनीनें एक 'समाजशास्त्रीय' खातें काढलें होतें, आणि त्या खात्याचे तपासनीस कामगारांच्या घरीं जाऊन तो दारू पितो काय, पैसा शिल्लक टाकतो काय, घर स्वच्छ ठेवतो काय, हें पाहून मगच त्याला पांच डॉलरांस पात्र ठरवीत. मुलीच्या सोयरिकीस गेलेले लोकहि इतक्या बारकाईनें चौकशी करीत नसतील!

आपल्याकडे त्या काळीं मोठा कारखाना म्हणजे मुंबईची कापडगिरणी, आणि गिरणीच्या दारांत जॉबर उभा असे. मुलाखत अशी नसेच. जॉबरच्या गांवचें, नात्याचें किंवा ओळखीचें असावें, त्याचा हात ओला करावा, आणि बदली म्हणून रोज पहांटे दारापाशीं जाऊन उभें राहावें, एवढीच परीक्षा. १९२८ सालीं जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें मुंबईंत शिवडीला मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. पुढें लवकरच फोर्डहि मुंबईंत आला. हे कारखाने म्हणजे खरोखर मोठ्या पेट्या उघडण्याचीं ठिकाणें होतीं. परदेशाहून सुट्या भागांच्या पेट्या बंदरांत उतरत, येथें ते भाग जुळवले जात व गाडी रस्त्यावर येई. एंजिन येथें ओतलें जात नसे, कीं गिअर येथें कापला जात नसे. कामगाराच्या हाताला जुळणीपलीकडची विद्या शिकण्याचें कारणच नव्हतें.

ती विद्या या देशांत यावी असें ज्यांना वाटलें त्यांत सोलापुरांत जन्मलेले वालचंद हिराचंद अग्रणी होत. मुलाखतीचा इतिहास लिहितांना मला सर्वांत मौज वाटते ती येथें. कारण मोटारींच्या बाबतींत आपल्याकडे पहिली कठीण मुलाखत एखाद्या उमेदवाराची न होतां खुद्द कारखान्याचीच झाली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९३५ सालीं युरोप-अमेरिकेचा दौरा करून आले व त्यांनीं मोटारीच्या कारखान्याची योजना सिद्ध केली. वालचंदांनीं ती उचलून धरली. मुंबईच्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें सहानुभूति दाखविली. वालचंद अमेरिकेस गेले, फोर्डशीं बोलणीं केलीं, तीं जुळलीं नाहींत. मग क्रायस्लरशीं करार झाला. परंतु दिल्लीच्या इंग्रज सरकारपुढें ही योजना गेली, आणि महायुद्धाच्या कामीं हा कारखाना उपयोगी नाहीं असें ठरवून सरकारनें हात आंखडता घेतला. महायुद्ध चालूं असतां मोटारीचा कारखाना निरुपयोगी! ज्या उमेदवाराला घ्यावयाचेंच नसतें त्याच्यासाठीं कारण कसें शोधतात याचा हा उत्तम नमुना होय. अखेर १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली व १९४७ सालीं कुर्ल्याच्या कारखान्यांतून तिच्या गाड्या बाहेर पडूं लागल्या. पुढें फियाटशीं सहकार्य होऊन जी गाडी निघाली, तिचेंच 'पद्मिनी' हें नांव मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीबरोबर २०२३ सालापर्यंत रस्त्यावर होतें. वालचंद मात्र १९५३ सालींच वारले. त्याच सुमारास, ज्यांना येथें संपूर्ण गाडी करावयाची असेल त्यांनींच राहावें असें धोरण स्वतंत्र भारताच्या सरकारनें धरलें, आणि पेट्या उघडणारे शिवडीचे परकी कारखाने १९५४ च्या सुमारास बंद झाले.

आतां पुण्याकडे वळूं, कारण आमच्या दिग्रसच्या पोरांची वाट तिकडेच जाते.

टाटांची टेल्को ही कंपनी १९४५ सालीं जमशेदपूरला निघाली. १९५४ पासून डाइम्लर-बेंझ या जर्मन कंपनीच्या सहकार्यानें ती मालमोटारी करूं लागली. तिचे सूत्रधार सुमंत मूळगांवकर हे मूळचे सिमेंटच्या धंद्यांतले गृहस्थ. १९६० नंतरच्या दशकांत त्यांनीं पिंपरी-चिंचवडच्या माळावर कंपनीचा दुसरा संसार मांडला. या माणसाची दृष्टि मला विशेष वाटते. मालमोटार करावयाची तर आधीं तिचीं अवजारें करणारीं यंत्रें पाहिजेत, आणि त्या यंत्रांच्याहि आधीं हात पाहिजेत, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून पुण्यास प्रथम यांत्रिक अवजारांचा विभाग व शिकाऊ मुलांची शाळा उभी राहिली. उजाड माळावर झाडें लावलीं, तळें केलें. पहिली मालमोटार पुण्याच्या कारखान्यांतून बाहेर पडली ती १९७७ सालीं. म्हणजे जवळजवळ दहा वर्षें हा कारखाना गाड्यांपेक्षां माणसें घडविण्यांतच गुंतला होता. पुढें त्याच कंपनीच्या 'सुमो' गाडीला सुमंत व मूळगांवकर यांच्या आद्याक्षरांवरून तें नांव मिळालें असें सांगतात.

या सर्व काळांत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री कोण होते? दिग्रसहून पुसदच्या वाटेनें गेलें कीं पुसद तालुक्यांत गहुली हें गांव आहे. तेथील वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर होते. पुसदला वकिली केलेला, वऱ्हाडी मातीचा हा माणूस. त्यांच्याच कारकीर्दींत १९६२ सालीं स्थापन झालेलें औद्योगिक विकास महामंडळ फोफावलें व पिंपरी-चिंचवडचा माळ धुरांड्यांनीं भरून गेला. आमच्या शेजारच्या तालुक्यांतला मुख्यमंत्री, आणि मोटारीचे कारखाने मात्र पुण्याला! हें शल्य येथील चहाच्या टपरीवर अजून ऐकूं येतें. मला तो आरोप पुरता पटत नाहीं. नाईकसाहेबांचें चित्त शेतींत होतें. संकरित बियाणें, विहिरी, दुष्काळांतील रोजगार हीं त्यांचीं कामें. शिवाय कारखाना कांहीं आज्ञेनें जागा निवडीत नाहीं. मुंबईचें बंदर चार तासांवर, घाटांतल्या धरणांची वीज, पवनेचें पाणी, सुटे भाग करणारे शेंकडों लहान कारखानदार, हें सर्व पुण्यास एका हांकेवर होतें. आमच्याकडे काय होतें? मूर्तिजापूर-यवतमाळ ही चिमुकल्या रुळांची 'शकुंतला', तीहि दारव्ह्यापर्यंतच जवळ. ती गाडी येथें कांहीं आणण्यासाठीं घातलीच नव्हती. वऱ्हाडचा कापूस उचलून मुंबईच्या बंदरीं नेण्यासाठीं घातली होती. आमच्या बाजारांतले एक वृद्ध जिनिंगवाले एकदां मला म्हणाले, "आधी कापूस गेला मास्तर, आता पोट्टे चालले." तरीपण एक प्रश्न उरतोच. शिकाऊ मुलांच्या शाळेला तर बंदर लागत नव्हतें. तसली एखादी शाळा पुसद-दिग्रसच्या भागांत त्याच वेळीं कां निघाली नाहीं? याचें समाधानकारक उत्तर मला सांपडलेलें नाहीं.

पुण्याच्या त्याच दारापाशीं १९७४ सालीं एक मुलाखत झाली, जी पुढें सर्वतोमुखीं झाली. बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत शिकणाऱ्या सुधा कुळकर्णी या विद्यार्थिनीनें टेल्कोची जाहिरात वाचली. तरुण, हुशार अभियंते हवे होते. पण शेवटीं स्त्रियांनीं अर्ज करूं नये अशी सूचना होती. तिनें रागाच्या भरांत थेट जे. आर. डी. टाटा यांच्या नांवें एक पोस्टकार्ड धाडलें. दहा दिवसांच्या आंत तार आली: पुण्यास मुलाखतीला या, खर्च कंपनीचा. आपण पुढें सुधा मूर्ति या नांवानें ओळखतों त्या बाईंनीं हा प्रसंग स्वतःच लिहून ठेवला आहे. वसतिगृहांतील मैत्रिणींनीं पुण्याहून साड्या आणावयास त्यांच्याजवळ पैसे दिले, कारण नोकरी मिळेल असें त्यांचें त्यांनाच वाटत नव्हतें. मुलाखतींत शास्त्राचे प्रश्न सरळ सुटत गेले. मग एका वयस्क गृहस्थानें सौम्यपणें सांगितलें कीं, आजवर यंत्रशाळेंत आम्हीं स्त्री घेतलेली नाहीं. त्यावर, केव्हां तरी आरंभ करावाच लागेल, नाहींतर कोणतीहि स्त्री कधींच आंत येणार नाहीं, अशा आशयाचें उत्तर बाईंनीं दिलें, आणि त्यांची निवड झाली.

ही गोष्ट सांगतांना लोक पोस्टकार्डाचें कौतुक करतात. मला कौतुक वाटतें तें त्या वयस्क गृहस्थाचें. तो अडचण लपवीत नाहीं. नकाराचें खरें कारण तो उमेदवाराच्या तोंडावर सांगतो, म्हणूनच तिला उत्तर देतां येतें. वालचंदांना दिल्लीनें खरें कारण सांगितलें असतें तर त्यांनींहि कदाचित् उत्तर दिलें असतें. पुण्याच्या त्याच कारखान्यांत अलीकडच्या वर्षांत एका जुळणी-रांगेवर सर्व स्त्रियाच काम करतात, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

दार उघडलें तरी आंतला संसार सुरळीतच चालतो असें नाहीं. १९८९ सालीं पुण्याच्या टेल्कोंत संघटनेच्या मान्यतेवरून व वेतनकरारावरून मोठा तंटा झाला. राजन नायर यांच्या नेतृत्वाखालीं हजारों कामगार शनिवारवाड्यापुढें उपोषणास बसले, आणि सप्टेंबरच्या अखेरीस पोलिसांनीं त्यांना रातोरात उचलून नेलें. रतन टाटा नुकतेच कंपनीचे अध्यक्ष झाले होते. त्या लढ्याचा न्यायनिवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. पण त्यानंतरच्या काळांत देशभरच्या मोटार-धंद्यांत जो बदल झाला, तो आमच्या पोरांच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचा आहे. १९९१ सालीं परकी भांडवलाला दारें मोकळीं झालीं. योगायोग असा कीं, तेव्हांहि मुख्यमंत्रिपदीं गहुलीचेच सुधाकरराव नाईक आले होते. मर्सिडिज आली, स्कोडा औरंगाबादेस आली, फोल्क्सवागेन चाकणला, जनरल मोटर्स तळेगांवला. १९९८ सालीं टाटांची 'इंडिका' पुण्यांतच जन्मली. २००३ सालीं टेल्कोचें नांव टाटा मोटर्स झालें. मोटारी वाढल्या. कायम नोकऱ्या त्या मानानें वाढल्या नाहींत. सर्व धंदा हळूहळू कंत्राटी व शिकाऊ हातांवर टेकला.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा आहे. मुलाला कारखान्यांत विद्यावेतन देऊन काम शिकवावें ही त्याची कल्पना, आणि ती उत्तमच आहे. पण शिक्षण पुरें झाल्यावर त्याला नोकरीवर घेण्याचें बंधन मालकावर राहणार नाहीं, असें त्याच कायद्यांत स्पष्ट होतें. २०१४ सालीं दुरुस्ती झाली ती एवढीच कीं, अशा मुलांस घेण्याविषयींचें धोरण मालकानें आपलें आपण ठरवावें. मूळगांवकरांच्या शाळेंत शिकाऊ मुलगा म्हणजे उद्यांचा कारागीर होता. आतां पुष्कळ ठिकाणीं तो आजचा स्वस्त हात होऊन बसला आहे. बरें, कारखानाहि अमर नसतो. १९२८ सालीं शिवडीला आलेली व १९५४ सालीं गेलेली जनरल मोटर्स तळेगांवला दुसऱ्यांदा आली, आणि २०२० च्या डिसेंबरांत तेथीलहि काम थांबवून गेली. दोन्ही वेळां सोडून जाण्यासाठीं तिला कोणाची मुलाखत द्यावी लागली नाहीं.

माझा विद्यार्थी मुलाखत देऊन आला, त्याची हकीगत त्यानें दिवाळींत सांगितली. बाहेरच्या बांकावर नांदेड, बीड, जळगांव, बुलढाणा अशा सर्व मुलखांतलीं मुलें बसलीं होतीं. प्रथम व्हर्नियर कॅलिपरचें लघुतम माप विचारलें, त्यानें ०.०२ मिलिमीटर हें सांगितलें. मायक्रोमीटरचें विचारलें, तेंहि बरोबर आलें. लोखंडाचा एक तुकडा कानशीनें घांसून मापांत आणावयास दिला. त्यानें तो काटकोनांत धरून असा घांसला कीं, तपासणाऱ्यानें गुण्या लावून उजेडापुढें धरला तेव्हां फट दिसली नाहीं. मग खुर्चीवरच्या गृहस्थांनीं विचारलें,

"दिग्रस म्हणजे नेमकें कोठें आलें?"

"पुसदजवळ, साहेब."

"पुसद?"

"यवतमाळ जिल्हा."

"हां हां, यवतमाळ. तो शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा जिल्हा ना?"

पोरगा गप्प राहिला. त्याचे वडील कोरडवाहू सहा एकरांत कापूस व तूर पेरतात, आणि कर्जाचा शब्द घरांत कसा उच्चारला जातो हें त्याला ठाऊक आहे. साहेबांच्या मनांत कांहीं वांकडें असेल असेंहि मला वाटत नाहीं. वर्तमानपत्रांत ज्या नांवानें जिल्हा छापला जातो तेंच त्यांना आठवलें. पण मी मास्तर पडलों. मी म्हणालों, "अरे, सांगावयाचें होतें कीं, हें पिंपरी-चिंचवड ज्यांच्या राज्यांत वसलें ते आमच्या शेजारचे होते."

त्यानें माझ्याकडे कांहीं वेळ पाहिलें व म्हटलें, "सर, त्यानं नोकरी लागली असती का?"

मी विषय बदलला व फराळाचें ताट त्याच्यापुढें सारलें.

कारखान्यानें 'कळवूं' म्हणून सांगितलें होतें. त्यांचा निरोप आला नाहीं. तीन आठवड्यांनीं एका कंत्राटदाराचा फोन आला; त्याच कारखान्यांत, त्याच छपराखालीं, सहा महिन्यांपुरतें काम. आतां तो रोज मागच्या चाकांचीं धुरें बसवितो. एका खोलींत पांचजण राहतात. त्यांपैकीं दोघे दारव्ह्याचे, एक आर्णीचा. जेवणघरांत सर्वांस एकच जेवण मिळतें, हें त्यानें आवर्जून सांगितलें. टोपीचा रंग तेवढा निराळा. गळ्यांतलें ओळखपत्र त्यानें खिशांतून काढून मला दाखविलें. त्यावर त्याचें नांव होतें, छायाचित्र होतें, कंत्राटदाराचें नांव व मुदत होती. कारखान्याचें नांव कोठेंच नव्हतें. फाईल मात्र त्यानें त्याच प्लास्टिकच्या पिशवींत परत आणली होती. ती माझ्या कपाटांत ठेवून द्या म्हणाला, कारण घराचें छप्पर गळतें आणि मुदत फाल्गुनांत संपते.